सभ्य कपड्यांचं नंतर बघू, आधी शॉवरला पडदा लावा: आमच्या सोसायटीच्या पूल कमिटीला खुलं पत्र

प्रति,
अध्यक्षसाहेब, सेक्रेटरी, पूल कमिटीची सगळी मंडळी, आणि सकाळी ६ ते ९ च्या तिन्ही बॅचमध्ये पाण्यात उतरणारे समस्त काका, काकू, दादा, वहिनी,

सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय, आधीच सांगून ठेवते. सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं असतं तर गुड मॉर्निंगच्या फुलांखाली दहा मिनिटांत गाडलं गेलं असतं, म्हणून असं जाहीरच लिहितेय.

गेल्या सोमवारी पूलच्या गेटवर नवी नोटीस लागली. लॅमिनेशन वगैरे करून, एकदम झकास. त्यातला ३ नंबरचा मुद्दा असा की "महिला सभासदांनी सभ्य व अंगभर पोशाखातच पूलचा वापर करावा". बाकी मग पाण्यात खाऊ नये, पळू नये, सूर मारू नये, हे नेहमीचंच. आता मला सांगा, या अख्ख्या नोटिशीत अंघोळ हा शब्द कुठे आहे? मी दोनदा वाचली, चष्मा लावून वाचली. नाहीये. आणि पुरुषांनी काय घालावं याबद्दल एक अक्षर नाही, म्हणजे जिममध्ये तासभर घाम गाळून त्याच बर्म्युडात, आत कॉटनची चड्डी, थेट धप्पकन पाण्यात, हे सभ्य.

माझं म्हणणं थोडक्यात एवढंच आहे की कपडा किती लांब हे पाण्याला कळत नाही, कपडा कशाचा आहे आणि तो कुठून कुठून फिरून आलाय हे पाण्याला बरोब्बर कळतं. बाकीचं पत्र हे कसं ते सांगायला.

आमच्या मामांना तुम्ही सगळे ओळखता. पूल साफ करणारे मामा, ज्यांना आपण फक्त पाणी हिरवं झालं की हाक मारतो. मी गेल्या उन्हाळ्यात, वयाच्या पंचेचाळिशीत, परत पोहायला लागले तेव्हापासून शनिवारी त्यांच्याशी गप्पा मारत बसते. ते फिल्टरचा बॅकवॉश करतात, म्हणजे उलटं पाणी सोडून तो धुतात, आणि त्याआधी पंपाच्या तोंडाशी असलेली केसांची जाळी बाहेर काढतात. प्लास्टिकची टोपलीसारखी असते ती. मागच्या शनिवारी त्यातून काय काय निघालं ते सांगते, नाश्ता झाला असेल तर थोडं थांबून वाचा. केसांचा एक ओला गोळा, मुठीत मावणार नाही एवढा. त्यात गुंतलेले ३ रबरबँड आणि एक काळी क्लिप. टिकल्या ११, मी मोजल्या, त्यातल्या दोन खड्यांच्या. बँडेड ४, एकाला अजून कापूस चिकटलेला. कुणाच्या तरी पंजाबी ड्रेसचे गुलाबी धागे. च्युइंगगम. आणि या सगळ्यावर एक पिवळट चिकट थर, त्याला बोट लावून मामा म्हणाले, "हे खोबरेल, ताई. रविवारचं वेगळं असतं, रविवारी जास्त."

रविवारी जास्त असणारच की. शनिवारी रात्री डोक्यावर तेल थापायचं आणि रविवारी सकाळी पूलमध्ये यायचं, म्हणजे वेणी आयती धुऊन निघते, शाम्पू वाचतो. मी कुणाला नावं ठेवत नाहीये, मीही पहिला महिनाभर हेच केलंय, वर कुणीतरी सांगितलेलं की तेल लावलं की क्लोरीनने केस खराब होत नाहीत. ते तेल पाण्यावर तरंगतं, कडेच्या टाईल्सना पाण्याच्या रेषेवर जो काळपट पट्टा दिसतो ना, जो घासायला मामांना गुडघ्यावर बसावं लागतं, तो त्याचाच, त्यात सनस्क्रीन आणि अंगाचा मळ मिसळलेला. केस वाचवायचेच असतील तर सोपा उपाय आहे, उतरायच्या आधी साध्या पाण्याने केस चिंब भिजवा, मग ते पूलचं पाणी कमी पितात, आणि वरून टोपी घाला. टोपीने केस कोरडे राहत नाहीत बरं का, ती त्यासाठी नसतेच, ती मामांच्या जाळीसाठी असते. हे काकांनाही लागू आहे, टक्कल असेल तर सूट, पण दाढीचं काय करायचं ते कमिटीने ठरवावं.

आता वासाचं. आपल्या पूलला "क्लोरीनचा वास" येतो आणि मुलांचे डोळे लाल होतात, यावर ग्रुपवर दर मे महिन्यात भांडण होतं, आणि मग कमिटी मामांना सांगते की क्लोरीन कमी टाका. अहो, उलटं आहे ते. नुसत्या क्लोरीनचा असा नाकात जाणारा वास येत नाही. क्लोरीन घामाला, लघवीतल्या युरियाला, अंगाच्या मळाला भिडलं की त्याचे क्लोरामाईन नावाचे प्रकार तयार होतात, तो वास त्यांचा असतो आणि डोळ्यांची आग, सकाळी सकाळी खोकल्याची उबळ, तीही त्यांचीच. म्हणजे जितका वास जास्त तितकी आपण पाण्यात घाण जास्त सोडलेली, आणि जंतू मारायला जे क्लोरीन टाकलेलं ते आपला घाम धुण्यातच खर्ची पडलेलं. मोकळं, म्हणजे अजून कशाला न चिकटलेलं, क्लोरीन किमान १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग) आणि पीएच साधारण ७.२ ते ७.८ मध्ये पाहिजे. आता यातली एक गंमत ऐका, आपल्याकडे जे टेस्ट किट आहे ना, दोन नळ्यांचं, एकात थेंब टाकले की पिवळं होतं, ते ओटीओवालं. ते एकूण क्लोरीन दाखवतं. म्हणजे मोकळं आणि आधीच घामाला चिकटून बसलेलं, दोन्ही मिळून. छान पिवळं दिसतं, रजिस्टरमध्ये "ओके" लिहिलं जातं, सही होते, आणि प्रत्यक्षात कामाचं क्लोरीन किती आहे हे कुणालाच ठाऊक नसतं. डीपीडीचं किट आणा, त्यात दोन्ही वेगळं कळतं. फार महाग नाही.

लघवीचं बोलायला सगळ्यांना लाज वाटते, करायला वाटत नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या लोकांनी २०१७ मध्ये यावर काम प्रसिद्ध केलं. त्यांनी लघवी मोजली नाही, पाण्यातलं एसेसल्फेम-के मोजलं, हे डाएट कोल्ड्रिंकमध्ये घालतात ते कृत्रिम गोड, शरीरातून जसंच्या तसं बाहेर पडतं. त्यावरून हिशोब काढला तर ८ लाख ३० हजार लिटरच्या एका पूलमध्ये ७५ लिटर लघवी निघाली. आपला पूल २० बाय ८ मीटर, सरासरी खोली १.२ धरली तर १ लाख ९२ हजार लिटरचा. त्याच प्रमाणात गुणाकार केला तर १७ लिटर. आपल्या ऑफिसमध्ये पिण्याच्या पाण्याचा जो निळा जार असतो तो २० लिटरचा. बघा म्हणजे. आता आपले लोक तिकडच्यांपेक्षा सज्जन असतील, शक्य आहे, पण आपल्या पूलपासून सगळ्यात जवळचं टॉयलेट दुसऱ्या मजल्यावर आहे आणि ओल्या पायांनी लिफ्टमध्ये यायला वॉचमन ओरडतो, त्यामुळे मला खात्री नाही. (सी विंगच्या आजोबांना नम्र विनंती, पाण्यात लघवी केली की निळा रंग येतो ती पावडर असं काही बाजारात मिळत नाही, ती पालकांनी पोरांना घाबरवायला काढलेली थाप आहे. तुम्ही तीन मीटिंगमध्ये तिचा ठराव मांडलाय.)

मे महिन्यात बेबी पूलमध्ये एका बाळाची शी झाली होती, आठवतंय? मामांनी जाळीने काढलं, अर्ध्या तासाने बेबी पूल बंदची दोरी सोडली, आणि त्या अर्ध्या तासात मोठ्या पूलमध्ये बॅच चालूच होती. दोन्ही पूलचं पाणी एकाच फिल्टरमधून फिरतं हो! दोरी बांधून पाणी वेगळं होत नाही. त्या दिवशी बाळाचं पोट ठीक होतं म्हणून निभावलं. घट्ट असेल तर क्लोरीन २ पीपीएमवर नेऊन अर्धा तास ठेवलं की भागतं, पण जुलाब असतील तर अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा हिशोब २० पीपीएम आणि पावणेतेरा तास असा आहे, कारण क्रिप्टोस्पोरिडियम म्हणून एक परोपजीवी आहे तो नेहमीच्या क्लोरीनच्या पाण्यात ७ दिवसांच्या वरही जिवंत राहतो. ई-कोलाय हा जिवाणू बिचारा मिनिटभरात मरतो, हा नाही मरत. तेव्हा ज्याचं पोट बिघडलंय त्याने, लहान असो की मोठा, पाण्यात यायचंच नाही, बरं वाटलं तरी लगेच दुसऱ्या दिवशी नाही. "फी भरलीये महिन्याची" हे ऐकलंय मी, सख्ख्या कानांनी. आणि साधे डायपर घालून पोरं उतरवू नका, ते फुगून फुटतात आणि आतली जेल फिल्टरमध्ये जाते, पोहायचे वेगळे डायपर मिळतात, अर्थात तेही पातळ काही अडवत नाहीत.

थुंकण्याचं पहिल्या बॅचच्या काकांना सांगायचंय, रागावू नका. पहाटे सहाला घसा खाकरून तुम्ही कडेच्या जाळीच्या गटारीत थुंकता. तुम्हाला वाटतं ते ड्रेनेज आहे. ते ड्रेनेज नाहीये. ती ओव्हरफ्लोची पन्हळ आहे, तिथलं पाणी बॅलन्सिंग टाकीत जातं, तिथून फिल्टरमध्ये, आणि तिथून परत आपल्याच तोंडावर. तुम्ही सहाला थुंकता, आम्ही साडेसातला त्यात फ्रीस्टाईल शिकतो.

मी सातारच्या बाजूची. आम्ही विहिरीत शिकलो पोहायला, पाठीला वाळका भोपळा बांधून, थोरल्या चुलत्यांना पांगाऱ्याची लाकडं आवडायची पण मला भोपळाच लागायचा. फ्रॉक घालूनच उतरायचो, तो पाण्यात शिरताना असा फुग्यासारखा वर यायचा की दोन्ही हात फ्रॉक खाली दाबण्यात जायचे, पोहणार कधी. पण विहिरीवर एक होतं, शेतातून आलं की मोटरच्या पाईपखाली थारोळ्यात आधी पाय, हात, मान, सगळं खळाळून धुवायचं आणि मगच पायऱ्या उतरायच्या. आणि कुणी विहिरीत थुंकलं तर आजोबा वर असतील तिथून हाक मारून बोलवायचे आणि धपाटा. नोटीस लॅमिनेट करायला लागत नव्हती.

आता मूळ मुद्दा, कपडे. गेल्या महिन्यात बी विंगच्या नव्या वहिनी पहिल्याच दिवशी कॉटनच्या पंजाबी ड्रेसमध्ये उतरल्या. ओढणी काढून ठेवलेली. लाईफगार्डने शिट्टी मारली, चांगली लांब, सगळे थांबून बघायला लागले, आणि तो तिथूनच ओरडला, "मॅडम, बाहेर या, असं नाही चालत." त्या शिडीवर चढायला लागल्या तर ड्रेसने एवढं पाणी प्यायलेलं की कुर्ता खांद्यावरून खाली ओढला जात होता, सलवारीची नाडी एका हाताने धरलेली, दुसरा हात शिडीला, पायातून पाण्याची धार, आणि जिमच्या काचेमागून चार ट्रेडमिलवरचे चार जण. त्या परत आल्या नाहीत. मी नंतर घरी गेले चहाला. तर म्हणाल्या, ताई, कॉश्च्युम आहे माझ्याकडे, गुडघ्यापर्यंतचा, हाफ बाह्यांचा, हजार-बाराशेचा आणलाय. पण बदलू कुठे?

आणि हा प्रश्न आहे बघा. लेडीज चेंजिंग रूमची कडी दिवाळीपासून तुटलीये. आत मॉप, पोछे, खुर्च्या आणि क्लोरीनच्या बादल्या आहेत, त्यांच्या शेजारी ॲसिडचे कॅन (हे दोन एकत्र सांडले तर विषारी वायू होतो, हे वेगळं पत्र लिहायला लावू नका). शॉवर एकच आहे, उघड्यावर, बरोब्बर जिमच्या काचेसमोर. थंड पाण्याचा. कुठली बाई तिथे अंघोळ करेल? कुणी करत नाही. मी करत नाही. म्हणजे घरून कॉश्च्युमवर ड्रेस चढवून, पार्किंगमधून, दोन वॉचमन आणि दुधवाल्यासमोरून यायचं, आणि तसंच न धुता पाण्यात. आणि ज्यांना तेही अवघड वाटतं त्या ड्रेसवरच उतरणार. तुमच्या नोटिशीत जे "अंगभर" लिहिलंय ते वाचून तर आता कॉटनची लेगिंग आणि टीशर्टच येणार, कारण ते अंगभर असतं. रंग सोडेल, धागे सोडेल, आणि शिकाऊ बाईला पाण्यात खाली ओढेल. सुती कपडा पाणी धरून ठेवतो, नायलॉन किंवा पॉलिस्टर-लायक्रा धरत नाही, बास एवढाच फरक आहे, यात सभ्य-असभ्य काय आलं?

अंगभर हवं असेल त्याने जरूर अंगभर घालावं, माझी ना नाही. बुर्किनी तयार केली ऑस्ट्रेलियातल्या अहेदा झानेट्टी यांनी, २००४ मध्ये, डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, पण पोहण्याच्याच कापडाची. ती घालून कुणी आलं तर पाण्याला काही होत नाही. आपल्याकडे स्कर्टवाले, फुल बाह्यांचे, पायघोळ सगळे प्रकार स्पोर्ट्सच्या दुकानात लटकलेले असतात. आणि दुसरीकडे फ्रान्सचं बघा, त्यांच्या सरकारी पूलमध्ये पुरुषांना ढगळ बर्म्युडा चालत नाही, चापून बसणारी ट्रंकच लागते आणि बहुतेक ठिकाणी टोपीही, कारण काय तर ढगळ चड्डी माणूस दिवसभर रस्त्यावर घालून फिरतो आणि तीच घालून पाण्यात येतो. (त्यांचीही लांबीवरून भांडणं आहेतच, ग्रेनोबल शहराने २०२२ मध्ये बुर्किनीला परवानगी दिली आणि जूनमध्ये त्यांच्या वरच्या कोर्टाने ती अडवली. म्हणजे आपली कमिटी एकटी नाही.) आता कल्पना करा आपल्या पूलला हा नियम लावला तर. बर्म्युडा बंद. अध्यक्षसाहेब, मी कुणाचं नाव घेत नाही, पण ती चौकड्यांची बर्म्युडा घालून भाजी आणताना पाहिलंय मी तुम्हाला.

माझी नणंद आइसलँडला फिरून आली. तिथे गरम पाण्याचे सार्वजनिक पूल गावोगाव आहेत, आणि उतरायच्या आधी सगळे कपडे काढून साबणाने अंघोळ करावीच लागते, बायका बायकांच्या खोलीत, पुरुष पुरुषांच्या. भिंतीवर माणसाचं चित्र असतं आणि त्यावर डोकं, काखा, जांघा, पावलं लाल रंगाने दाखवलेली, की हे हे घासा. आमच्या नणंदबाई कॉश्च्युम घालूनच शॉवरखाली उभ्या राहिल्या तर एक आजीबाई येऊन खुणेने म्हणाल्या, काढा. ती सांगते, पहिल्या दिवशी मेल्याहून मेल्यासारखं झालं, तिसऱ्या दिवशी काही वाटेना. मी आपल्याकडे असं करा म्हणत नाहीये, मारतील लोक. पण तिथे नियम कडक आहे आणि आडोसाही आहे, खोली आहे, गरम पाणी आहे, साबण आहे. आपल्याकडे काहीच नाही आणि नोटीस मात्र आहे.

तर मागण्या. शॉवरला तीन बाजूंनी फायबरचं पार्टिशन आणि पुढे पडदा, शक्यतो दोन शॉवर, एक गीझर. चेंजिंग रूमला कडी, हे मी स्वतः आणून बसवू शकते, दीडशे रुपयांची येते, फक्त परवानगी द्या. बादल्या आणि कॅन तिथून हलवा, एकमेकांपासून लांब ठेवा. या सगळ्याचा खर्च गणपतीच्या लायटिंगमधली एक कमान कमी केली तर निघतो, हिशोब मी बघितलाय, मीटिंगचे कागद सगळ्यांना मेल येतात आणि मी ते वाचते. मग नोटिशीचा ३ नंबर खोडून तिथे असं लिहा की स्त्री असो वा पुरुष, पोहण्याच्या कापडाचाच कपडा, लांबी ज्याची त्याने ठरवावी, आत वेगळी चड्डी नाही, आणि उतरायच्या आधी किमान १ मिनिट शॉवर. एक मिनिटात अंगावरचा बराचसा घाम-मळ निघतो, सीडीसीही एवढंच सांगते, सुगंधी उटणं लावून अभ्यंगस्नान करा असं कुणी म्हणत नाहीये.

लाईफगार्डलाही जरा सांगा, शिट्टी बुडणाऱ्यासाठी असते. कपड्याचं सांगायचं तर जवळ जाऊन हळू आवाजात सांगायचं. बी विंगच्या वहिनींना मी पुढच्या सोमवारी परत घेऊन येतेय, माझ्या घरी कपडे बदलून, आणि त्या दिवशी शिट्टी वाजली तर मग बघू.

आणि ज्यांना वाटतंय मी वाढवून सांगतेय त्यांनी शनिवारी सकाळी ९ वाजता पंप रूमपाशी यावं. मामा जाळी बाहेर काढतात त्या वेळी. मी असतेच. कमिटीपैकी कुणी येणार असेल तर आदल्या दिवशी कळवा, मी मामांना सांगून ठेवेन की आधी टिकल्या वेचू नका, आणि येताना पोहे-बिहे खाऊन येऊ नका.

आपली,
ए विंगची एक सभासद, दुसरी बॅच, निळी टोपी